कोरड्या त्वचेवर मेकअप दहा तास टिकवणे: प्रयोगाच्या नोंदी

1 नोव्हेंबर. काम काय आणि कसं मोजायचं

सकाळी पूर्ण झालेला बेस (फाउंडेशन आणि त्याच्या जोडीचे थर) दहा तासांनी हातभर अंतरावरून नीट दिसला पाहिजे. मधे एकच टच-अप, तोही पाच मिनिटांत. त्वचा खऱ्या अर्थाने कोरडी आहे: तोंड धुतल्यावर दहा मिनिटांत गाल ओढतात, नाकाच्या कडेला आणि भुवयांच्या मधे पापुद्रे धरतात, दुपार झाली तरी कपाळावर तेल येत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ एसीच्या खोलीत जातो.

चेहऱ्याचे दोन भाग करून डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळ्या पद्धती, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लावल्यावर लगेच, मग 3, 6 आणि 10 तासांनी खिडकीपाशी उभं राहून, घरातला दिवा बंद करून तपासणी. फोटोही तिथेच. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात पाहून ठरवू नका. त्या उजेडात पापुद्रे दिसतच नाहीत, आणि बाहेर पडल्यावर कळून उपयोग नसतो.

2 नोव्हेंबर. जसं आहे तसं

सिलिकॉनचा प्रायमर (फाउंडेशनच्या आधी द्यायचा थर), ‘लाँग वेअर मॅट’ (टिकाऊ, चमक नसलेलं) फाउंडेशन दोन पंप, कन्सीलर (डाग झाकणारं), संपूर्ण चेहऱ्यावर सेटिंग पावडर. लावल्याबरोबर निर्दोष. 3 तासांनी डोळ्यांखाली बारीक रेषा. 6 तासांनी नाकापासून ओठांपर्यंतच्या घडीत बेस तडकलेला, गालावर पापुद्र्यांभोवती गडद कडा. त्यावर कॉम्पॅक्ट फिरवला तर पाच मिनिटांत सगळं आणखी भुरभुरीत झालं.

कारण बाटलीतच आहे. मॅट, टिकाऊ फाउंडेशनमधला आयसोडोडेकेनसारखा पातळ द्रव उडून जातो आणि मागे रेझिनचा (राळेसारख्या पदार्थाचा) पातळ थर उरतो. शिवाय तेल शोषायला सिलिका असते. तेलकट त्वचेवर बेस तेलाने घसरतो, त्यावरचा हा इलाज आहे. इथे घसरायला तेलच नाही. जो थोडा ओलावा असतो तोही पावडर ओढून घेते, तो थर ताठ होतो आणि चेहरा हलला की घडीवर फुटतो. पुढचे चार आठवडे ‘बेस घट्ट कसा करायचा’ याऐवजी ‘बेस लवचिक कसा ठेवायचा’ हाच प्रश्न धरून चाललो.

4 नोव्हेंबर. फक्त फाउंडेशन बदललं

उजवीकडे जुनं मॅट, डावीकडे सॅटिन फिनिशचं (हलकी चमक ठेवणारं), ग्लिसरिन असलेलं. बाकी सगळं तेच. डावीकडे तडकणं 3 तासांऐवजी साधारण साडेचार तासांनी सुरू झालं, पण पापुद्रे दोन्हीकडे सारखेच उठून दिसले. फाउंडेशन बदलून निम्मं कामही होत नाही. दोष त्याच्या खाली आहे. नवी बाटली आणायच्या आधी खालच्या नोंदी करून पाहा.

5 नोव्हेंबर. तोंड धुणं

फेसाळ फेसवॉश बंद. रात्री क्रीम क्लीन्झर, सकाळी फक्त कोमट पाणी. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, त्वचेच्या वरच्या थराचा 5 च्या आसपास. साबण आणि गरम पाणी मिळून त्वचेतली स्निग्धता धुऊन नेतात, आणि पाणी धरून ठेवण्याचं काम तीच करत असते. धुतल्यावर ‘कुरकुर’ आवाज येईल इतकी स्वच्छ त्वचा म्हणजे बेस फाटणार हे नक्की.

इथे एक चूक झाली: दुसऱ्याच दिवशी फरक शोधला, दिसला नाही म्हणून दोन दिवस क्लीन्झर पुन्हा बदलण्यात गेले. हा बदल दिसायला आठवडा द्यावा लागतो. 12 तारखेला धुतल्यानंतरचं ओढलेपण स्पष्ट कमी होतं.

7 नोव्हेंबर. स्क्रबने घात केला

पापुद्रे काढायला मेकअपच्या आधी सकाळी दाणेदार स्क्रब वापरला. फाउंडेशन लावताना गाल चुरचुरले, घासलेल्या जागी लाल चट्टे आले आणि बेस नेमका तिथेच जमा झाला. दोन दिवस मेकअप बंद, फक्त साधं क्रीम. दोन दिवस वाया.

मग जमलेली पद्धत अशी. आठवड्यातून एकदाच, रात्री, पापुद्रे सैल करणारं 5 टक्के लॅक्टिक अ‍ॅसिड, वर लगेच क्रीम. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार) वापरत असाल तर त्या रात्री रेटिनॉल नाही. नवं अ‍ॅसिड आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा. सकाळी उरलेल्या पापुद्र्यांवर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ सुती फडकं 30 सेकंद दाबून धरायचं आणि एकदाच हलक्या हाताने उचलायचं. सुटतील तेवढे सुटू द्या. नखाने काढलेल्या पापुद्र्याखालची जागा ओलसर असते, तिच्यावर कुठलाच बेस बसत नाही.

नाकाच्या कडेला, भुवयांत लाली आणि खाज असलेले पिवळट, चिकट पापुद्रे पुन्हा पुन्हा येत असतील तर तो साधा कोरडेपणा नसण्याची शक्यता मोठी आहे. सेबोऱ्हिक डर्मटायटिस असाच दिसतो. अ‍ॅसिड थांबवा, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मेकअपने तो झाकतही नाही.

10 नोव्हेंबर. मॉइश्चरायझर: ओल्यावर की कोरड्यावर

डावीकडे तोंड पुसून पूर्ण कोरडं झाल्यावर फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं सीरम. उजवीकडे तोंड ओलसर असतानाच, एका मिनिटाच्या आत, ग्लिसरिन आणि सेरामाइड (त्वचेतल्या स्निग्धतेचाच एक घटक) असलेलं क्रीम. सगळ्यांत मोठा फरक इथे मिळाला. डावा गाल 2 तासांत ओढायला लागला, उजवा 7 तासांपर्यंत मऊ होता.

हायलुरॉनिक अ‍ॅसिड आणि ग्लिसरिन पाणी धरतात, पण वर झाकण नसेल तर एसीच्या कोरड्या हवेत ते पाणी उडून जातं. झाकणाचं काम क्रीममधले डायमेथिकोन, शिया बटर, पेट्रोलॅटमसारखे घटक करतात. सीरम आवडत असेल तर लावा, पण ओल्या त्वचेवर, आणि त्यावर क्रीम हवंच. प्रमाण: चेहऱ्याला मोठ्या वाटाण्याएवढं क्रीम, मानेला वेगळं.

11 ते 13 नोव्हेंबर. वळ्या निघाल्या

तीन सकाळी गेल्या. क्रीम, सनस्क्रीन, फाउंडेशन लावलं की गालावर खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या सुटायच्या. आधी दोष फाउंडेशनचा धरला, तो नव्हता. दोन कारणं सापडली: एक, खालचा थर बसायच्या आधीच वरचा चोळला जात होता. दोन, जेलसारख्या सनस्क्रीनवर सिलिकॉनचा प्रायमर बसत नव्हता.

सगळा चेहरा खर्च न करता हे तपासायची सोपी रीत: मनगटाच्या आतल्या बाजूला त्याच क्रमाने, तेवढाच वेळ सोडून थर लावा आणि शेवटी बोटाने दोनदा घासा. वळ्या निघाल्या तर ती जोडी चेहऱ्यावर चालणार नाही. सात जोड्या मनगटावर तपासल्या, त्यातल्या चार बाद झाल्या. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर तीन सकाळी वाचल्या असत्या.

ठरलेले वेळ: क्रीमनंतर 7 मिनिटं, सनस्क्रीननंतर 10 ते 15 मिनिटं. सनस्क्रीन चोळायचं नाही. ठिपके देऊन पसरायचं आणि तळव्याने दाबायचं. प्रमाण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीच्या दोन रेघा. बेस चांगला बसावा म्हणून सनस्क्रीन कमी करण्याचा मोह होतो, तो टाळा. लेबलवरचा एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम या जाड थरावर मोजलेला असतो, आणि एसपीएफ असलेलं फाउंडेशनही तेवढं कोणीच लावत नाही, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. वळ्या निघत असतील तर सनस्क्रीन बदला, मात्रा नको.

15 नोव्हेंबर. ओलावा जास्त झाला तेव्हा

क्रीमने फायदा झाला म्हणून उजव्या बाजूला वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला. पाऊण तासात फाउंडेशन सरकायला लागलं, 2 तासांत जबड्याच्या कडेवर पट्टे आले. जेली बहुतेक वरच राहते, त्यामुळे बेसला पकड मिळत नाही. तिची खरी जागा रात्री. सकाळी तांदळाच्या दाण्याएवढी फक्त नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना लावून, मेकअपच्या आधी टिश्यूने टिपून काढायची.

टिश्यूची ही सवय पुढे संपूर्ण चेहऱ्यासाठी घेतली. सनस्क्रीन बसल्यावर एकपदरी टिश्यू चेहऱ्यावर ठेवून तळव्याने 5 सेकंद दाबा, पुसू नका. त्वचा बोटाला हलकी चिकटली पाहिजे, ओली किंवा बुळबुळीत लागता कामा नये.

16 नोव्हेंबर. प्रायमर

एका बाजूला आहे, एका बाजूला नाही. 10 तासांनी फरक शून्य. खालची तयारी नीट असेल तर कोरड्या गालाला प्रायमरची गरज नाही आणि वळ्यांचं एक कारण कमी होतं. नाकाजवळची छिद्रं खटकत असतील तर तेवढ्यापुरता बोटाने दाबून लावा. यादीतून काढला.

18 नोव्हेंबर. फाउंडेशन किती आणि कशाने

पंप मोजण्यात अर्थ नाही, प्रत्येक बाटलीचा पंप वेगळं टाकतो. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजलं: आधी 0.6 ग्रॅम लागत होतं, आता 0.3 मध्ये चेहरा होतो. जाड थर जास्त झाकतो हे खरं, पण घडीवर पहिला तोच फुटतो. डाग झाकायचं काम कन्सीलरच्या नेमक्या ठिपक्यावर सोडा. या हिशेबाने 30 मिलीची बाटली रोज वापरून तीन महिने जाते, आधी दीड महिन्यात संपत होती.

ब्रशने लावताना केस पापुद्रे उचलून उभे करतात, म्हणून ओला स्पंज. इथेही एक सकाळ बिघडली: स्पंज नीट पिळला नव्हता, फाउंडेशन पाण्याबरोबर पसरून पट्टे आले, सगळं काढून पुन्हा लावण्यात 40 मिनिटं गेली. स्पंज पूर्ण भिजवा, फुगू द्या, पिळा, मग टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा पिळा. हाताला गार लागला पाहिजे, पण दाबल्यावर थेंब येता कामा नये.

फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्या, स्पंजवर थेट नाही, नाहीतर निम्मं तोच पितो. गालाच्या मध्यापासून बाहेर थोपटत जा, ओढू नका. नाकाच्या कडा, ओठांभोवती आणि भुवयांच्या मधे सगळ्यांत शेवटी, स्पंजला जे उरलं असेल त्यानेच. वर आणखी घेऊ नका. बेस फुटण्याच्या याच तीन जागा आहेत आणि तिथे जितकं कमी तितकं बरं.

क्रीम ब्लश याच टप्प्यावर, बोटाने. पावडरचा ब्लश ओल्या बेसवर लावून पाहिला, पहिल्या टेकणीचा ठसा तिथेच धरला आणि नंतर पसरला नाही.

20 नोव्हेंबर. पावडर: शून्य की थोडी

कोरड्या त्वचेला पावडर लावूच नका असा सल्ला सर्रास मिळतो. तो तपासला. डावीकडे शून्य पावडर, उजवीकडे फक्त तीन जागी. डावीकडे डोळ्यांखालचा कन्सीलर 2 तासांत घडीत जमला आणि चष्म्याच्या नाकावरच्या टेकूखाली बेस उघडा पडला. गाल मात्र दोन्हीकडे सारखेच चांगले.

म्हणजे पावडर हवी, पण जागा ठरवून: डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूंना, हनुवटीच्या मध्यावर. गाल, कपाळ, ओठांभोवती नाही. मोठ्या ब्रशने हे जमत नाही, आयशॅडोचा छोटा फुगीर ब्रश घ्या, झाकणात झटका, मग टेकवा. डोळ्यांखाली पावडर टेकवण्याच्या क्षणी वर बघा आणि आधी तिथली घडी बोटाने थोपटून सपाट करा. घडी असतानाच पावडर बसली तर ती घडी दिवसभरासाठी पक्की होते. पावडर भरपूर थापून दहा मिनिटं ठेवायची पद्धत कोरड्या त्वचेवर करू नका. डोळ्यांखाली एकाच वापरात बारीक रेषांचं जाळं दिसलं.

21 नोव्हेंबर. स्प्रे

अल्कोहोलचा, वर पातळ थर धरणारा सेटिंग स्प्रे उजवीकडे, ग्लिसरिनचा मिस्ट (बारीक फवारा) डावीकडे. उजवी बाजू 6 तासांनंतर ताठ. डावीकडे टिकाऊपणा वाढला नाही, पण पावडरचा भुरा लगेच मुरला आणि बेस त्वचेसारखा दिसायला लागला. त्याच कामासाठी मिस्ट ठेवला. अंतर 25 ते 30 सेंटीमीटर, दोन फवारे, मग कोरडा होईपर्यंत चेहरा हलवायचा नाही. 10 सेंटीमीटरवरून मारला तर थेंबांचे डाग पडतात.

दुपारी नुसतं पाणी फवारून पाहिलं. वीस मिनिटांनी त्वचा आधीपेक्षा जास्त ओढली. पाणी उडताना मागे काही सोडत नाही. नुसत्या पाण्याचा स्प्रे बाद.

23 नोव्हेंबर. दुपारचा टच-अप

6 तासांनी तीन पद्धती, तीन दिवस. कॉम्पॅक्ट: वाईट, 2 तारखेसारखाच. आहे त्यावर नवं फाउंडेशन: तासभर चांगलं, मग जुन्या-नव्याच्या कडा दिसतात. तिसरी जमली.

स्वच्छ, ओलसर स्पंज डबीत घालून न्यायचा. मॉइश्चरायझरचा अर्ध्या वाटाण्याएवढा थेंब हाताच्या पाठीवर घेऊन स्पंजच्या टोकाला टिपायचा. तडकलेल्या जागी सरळ दाबायचं, फिरवायचं नाही. पंधरा-वीस दाबांत फुटलेला बेस मऊ होऊन पुन्हा एकजीव होतो. दोन मिनिटं थांबा. जिथे त्वचा उघडी पडली असेल तिथेच टाचणीच्या डोक्याएवढा कन्सीलर बोटाने. पावडर नाही. एकूण 4 मिनिटं. थेंब जास्त झाला की बेस विरघळून सरकतो, म्हणून कमी घ्या, लागला तर पुन्हा घ्या. याने बेस सुधारतो, पण खालच्या सनस्क्रीनची भर होत नाही. दुपारी उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीनचा थर याच स्पंजने दाबून पुन्हा द्यावा लागतो.

24 नोव्हेंबर. ओठ आणि डोळे, थोडक्यात

बाम सगळ्यांत आधी, तोंड धुतल्याबरोबर. लिपस्टिकच्या वेळी टिश्यूने पूर्ण टिपून काढा. मॅट लिक्विड लिपस्टिक 3 तासांत आतल्या कडेवरून सोलली. क्रीमी लिपस्टिक एकदा लावून, टिपून, पुन्हा लावली तर कमी टिकते, पण विरते, सोलत नाही, आणि आरशाशिवाय नीट करता येते. वॉटरप्रूफ मस्काऱ्याने दिवसभर काही बिघडत नाही. बिघडतं ते रात्री काढताना, पापणी घासल्यामुळे. कोमट पाण्याने नळीसारखा सुटून येणारा ट्यूबिंग मस्कारा घेतला आणि पापण्यांच्या कडेचे पापुद्रे आठवड्यात थांबले.

26 नोव्हेंबर. रात्रीचं काढणं

वाइपने पुसलेल्या रात्रीनंतर सकाळी त्याच गालावर पापुद्रे, दोनदा तपासलं. आता क्लीन्झिंग बाम कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर एक मिनिट, मग पाणी घालून दुधासारखा करायचा, धुवायचा, मग क्रीम क्लीन्झर. ओल्या चेहऱ्यावर बाम लावला तर मेकअप सुटत नाही आणि घासावं लागतं. स्पंज रोज धुवायचा, उघड्यावर वाळवायचा. ओला स्पंज बंद डबीत रात्रभर राहिला तर बुरशी धरते, म्हणून टच-अपचा स्पंज घरी आल्याबरोबर डबीतून बाहेर.

28 नोव्हेंबर. पूर्ण चेहरा, सगळं एकत्र

कोमट पाणी, ओल्यावर क्रीम, 7 मिनिटं, सनस्क्रीन, 12 मिनिटं, टिश्यू, फाउंडेशन 0.3 ग्रॅम, कन्सीलर, क्रीम ब्लश, तीन जागी पावडर, मिस्ट. एकूण 34 मिनिटं, त्यातली 19 थांबण्याची. त्या वेळात केस आणि कपडे उरकतात, प्रत्यक्ष हात चालण्याचा वेळ मोजला तर मेकअपला 15 मिनिटंच लागली. 6 तासांनी गाल, कपाळ स्वच्छ. टच-अप 4 मिनिटं. 10 तासांनी गाल चांगले, डोळ्यांखाली एक पुसट रेषा, नाकाच्या उजव्या बाजूला चष्म्याच्या टेकूचा ठसा. वरच्या ओठाच्या वरच्या त्वचेवर मात्र 9 तासांनी बारीक तडे.

29 नोव्हेंबर. वरचा ओठ

तिथे फाउंडेशन आणि कन्सीलर वेगळं लावणं सोडून दिलं, फक्त क्रीम, सनस्क्रीन आणि स्पंजला उरलेलं. रंगातला फरक हातभर अंतरावरून दिसला नाही, 10 तासांनी तडे नाहीत. चष्म्याच्या ठशासाठी टेकूच्या जागेवरचं फाउंडेशन बोटाने पुसून तिथे फक्त पावडर टेकवली. ठसा पडला, पण कडा उठून दिसल्या नाहीत, आणि टच-अपमध्ये स्पंजच्या तीन दाबांत गेला.